डावा पाय

“ठेवता येईल,” सर्जन म्हणाले, आणि नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. “पण एकामागून एक ऑपरेशनं होतील. वर्ष-दीड वर्ष जाईल. आत जंतू शिरले, तर शेवटी कापावाच लागेल. आत्ताच गुडघ्याखाली कापला, तर काही महिन्यांत नकली पायावर चालायला लागतील.”

“ठेवायचा,” नवरा म्हणाला. “काय वाट्टेल ते होवो. धडधाकट बाईचा पाय कापतात होय!”

बायको बस चालवायची. परवा डेपोत रिव्हर्स घेणाऱ्या एका बसने तिचा डावा पाय भिंतीशी चिरडला. तेव्हापासून पाय चादरीखाली होता आणि त्याच्याबद्दल सगळे बोलत होते, तिच्याखेरीज.

“ठेवलेल्या पायाने क्लच दाबता येईल?” तिने विचारलं.

“अवघड आहे. घोटा हलायचा नाही.”

“आणि नकली पायाने?”

“गाडी चालवणारे आहेत. बसचं मला ठाऊक नाही.”

“कापलेल्या पायालाही खाज सुटते म्हणे. खरं का?”

“खरं आहे.”

“मग खाजवायचं कुठे?”

सर्जनना हसू फुटलं. नवरा चिडला. “अगं, थट्टा सुचतेय तुला?”

“थट्टा नाही हो. विचारून ठेवते.” मग ती म्हणाली, “मला बघायचाय.”

नर्सने चादर बाजूला सारली. पट्ट्यांच्या गाठोड्यातून नुसती बोटं बाहेर आली होती, सुजलेली, काळीनिळी. मान उचलून ती बघत राहिली. कुणीतरी बसमध्ये विसरलेलं सामान बघावं, तशी.

“अहो, अंगठा दाबा जरा.”

नवऱ्याने हात पुढे केला.

“दाबा ना. घाबरताय काय?”

“दाबतोय,” नवरा म्हणाला. त्याची नखं पांढरी पडली होती.

सर्जन हळूच म्हणाले, “आज कळत नाही म्हणून पुढेही कळणार नाही, असं नसतं. विचार करा.”

तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

“केला,” ती म्हणाली. “गुडघा तेवढा सांभाळा, डॉक्टर.”

सर्जन तयारीचं सांगायला बाहेर गेले. नर्स चादर पुन्हा पायावर ओढायला आली. नवऱ्याने अंगठा सोडला नव्हता.