कुणाला कळवायचं

भोईटेबाईंच्या टेबलावरचा इशाऱ्यांचा पडदा सलग एकोणीस दिवस हिरवा होता, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं. दूधसंघाच्या शीतगृहातली अमोनियाची यंत्रणा इतके दिवस कुरकुर न करता चालली, असं तेवीस वर्षांत घडलं नव्हतं. नवा, स्वतः शिकणारा कंट्रोलर आला आणि यंत्रणा एकदम साधू झाली म्हणे!

बाईंची एक जुनी खोड होती. कामाची पाळी सुरू झाली की एका सेन्सरची वायर उपसायची; पडदा बोंबलला की निश्चिंत. साहेबांनी हल्ली ते बंद करायला लावलं होतं. आज बाईंनी न विचारता वायर उपसली.

पडदा हिरवाच राहिला.

त्या तडक शेजारच्या खोलीत गेल्या. तिथले दुसरे ऑपरेटर सर्जेराव बशीत चहा ओतत होते आणि त्यांचा पडदा लालभडक झाला होता. मान वर न करता त्यांनी ‘पाहिलं’चं बटण दाबलं.

“अहो, वाचलं तरी का?”

“दिवसाला शंभर येतात, बाई. तुमच्याकडे नाही येत?”

बाईंकडे लाल ओळ आली की त्या यंत्रणा थांबवायच्या. कंट्रोलरला यंत्रणा चालू ठेवायची होती, आणि प्रत्येक इशारा कुणीतरी पाहिलाच पाहिजे, असा त्याला नियम होता. कुणी, हे नियमात नव्हतं.

“तुम्ही माझ्या खुर्चीत जाऊन बसा,” बाई म्हणाल्या, आणि स्वतः आपलं ओळखपत्र लावून त्यांच्या पडद्यासमोर बसल्या. तो आता हिरवागार होता.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून बटणाचा आवाज आला. टक.