डाव्या कोपऱ्यातला डबा

काडतूस काही आत जाईना. रोंडाने रायफलचा बोल्ट दोनदा दाबून पाहिला, मग वैतागून ते बाहेर काढलं आणि गॅरेजमध्ये बापापुढे आदळलं.

"घ्या, बाबा. यापेक्षा दुकानातली घेतली असती!"

"दुकानातली?" आर्लनला मिरच्याच झोंबल्या. रायफलची काडतुसं घरी भरावीत तर त्यानेच, असं अख्ख्या मॉन्टानात म्हणत. निदान तो तरी तसं सांगायचा. "दुकानातली गोळी हरणाला लागते गं. माझी हरणाच्या काळजाला लागते. आण इकडे."

त्याने काडतूस ठोकून पुढची गोळी वेगळी केली आणि आतली दारू ताटलीत ओतली. "बघ, दाणा न् दाणा तोललेला."

रोंडाने वाकून पाहिलं. रायफलची दारू बारक्या काड्यांसारखी असते. ताटलीत चपट्या चकत्या होत्या. ही पिस्तुलाची, भसकन पेटणारी. रायफलमध्ये गेली तर रायफल तोंडावरच फुटते.

"बाबा, ही कुठली दारू?"

त्याने ताटली नाकाशी धरली, डोळे बारीक केले. "कुठली म्हणजे? आपली नेहमीची."

रोंडाच्या लक्षात आलं. त्याला दिसत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे.

"लेबल वाचलंत?"

"लेबल कशाला वाचू? डाव्या कोपऱ्यातला डबा. जन्मभर तिथेच आहे."

फळी रविवारी रोंडानेच पुसली होती. डबे हाताला येतील तसे परत ठेवले होते.

"लायलने यातलीच नेली?" लायल, तिचा नवरा, शिकारीला गेला होता.

"मग? शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस, मीच त्याच्या खिशात..." आर्लन मध्येच थांबला. त्याने ताटलीतली दारू बोटांनी चाचपली.

तिने फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर जाताना लायल फोन घरीच ठेवायचा, ऐन वेळी वाजतो म्हणून. किल्ली घेऊन ती ट्रककडे धावली, दार उघडलं, आणि घरामागच्या डोंगरातून बार ऐकू आला.

ती दार धरून डोंगराकडे बघू लागली.

"दुसरा बार वाजू दे, म्हणजे तो धड आहे," ती पुटपुटत होती. "देवा, एकदा दुसरा वाजू दे."

आर्लन भिंत चाचपत बाहेर आला.

"अगं पोरी," तो कसाबसा म्हणाला, "लायलला कधी दुसऱ्या गोळीची गरजच पडत नाही."