पाच शेजारी, सात शेजारी

“घाई करू नकोस गं. उष्णतेचं बटण केसभर फिरवायचं आणि थांबायचं,” ताई म्हणायची.

दोन काचांमधला, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांचा तो एकपदरी थर ताईनं स्वतःच्या हातांनी जमवला होता. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर प्रत्येक मण्याला सहा शेजारी दिसत. एखाद्याला पाचच असले, तर सात शेजाऱ्यांचा दुसरा त्याला बिलगून असायचाच. त्यामुळे दोघांची खोट दोघांतच जिरायची.

“या बघ आपण दोघी! मी गोतावळ्यातली, तू माणूसघाणी.” मग दम खात ताई म्हणाली होती, “ऊब वाढत गेली की या जोड्या सुटतात आणि सगळा थर वितळतो. ते कुणीतरी बघायला हवं, नाहीतर माझं काम अर्धं राहील. मी नसले तर तू वितळव. आणि डोळे मिटायचे नाहीत. कबूल?”

“कबूल,” धाकटी कशीबशी म्हणाली होती.

ताई गेली. त्यानंतर आज पहिल्यांदाच धाकटीनं प्रयोगशाळेचं दार उघडलं.

“राहू द्या ना तो थर,” मागून आलेला ताईचा सहकारी हळूच म्हणाला. “त्यांच्या हातचं एवढंच उरलंय. एकदा वितळला की पुन्हा तसाच काही जमायचा नाही.”

“ठाऊक आहे मला.”

धाकटीनं ताईचं रिकामं स्टूल ओढून आपल्या स्टुलाला खेटून ठेवलं, डोळे पुसून पडद्याकडे लावले, आणि बटण केसभर फिरवलं.