मुसळ थांबलं की

टॅमसिनला मुसळाचा वीट आला होता. बोटीच्या भाड्यापायी करारानं बांधली जाऊन ती व्हर्जिनियातल्या या तंबाखूच्या मळ्यावर आली, तेव्हापासून नशिबी परसातलं लाकडी उखळ आणि मका. दोन घाव घालायचे, एक सुस्कारा सोडायचा. सुस्कारा जरा लांबला की मालकीण घरातून खेकसायची, “टॅमसिन, मेलीस का गं?”

“नाही मेले, बाईसाहेब!”

आज करार एकदाचा संपला. रिवाजाप्रमाणे मालकिणीनं नवा झगा आणि गोणीभर मका दिला. मका! हसावं की रडावं, टॅमसिनला कळेना. मुसळ भिंतीला टेकवून, नवा झगा चढवून ती तणतणत निघाली.

फाटकाशी पोचली, तोच मागून आवाज आला. दोन घाव. सुस्कारा. पुन्हा दोन घाव.

“माझी नक्कल कोण करतंय?” ती पाय आपटत परतली.

मालकीण दारातच उभी होती. तिनं टॅमसिनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, “कोण हवंय आपल्याला?”

परसातलं मुसळ थांबलं. मालकीण मागे मान वळवून खेकसली, “टॅमसिन, मेलीस का गं?”

टॅमसिननं सवयीनं तोंड उघडलं. पण उत्तर परसातून आलं, तिच्याच आवाजात.

“नाही मेले, बाईसाहेब!”