नवऱ्याचं नाव

"यादीत दोन चंद्रभागा आहेत. नवऱ्याचं नाव सांगा, बाई," मतदान केंद्रावरचे गुरुजी म्हणाले.

बावन्न साली यादीत नुसतं 'रावजीची बायको' लिहिल्यामुळे चंद्रभागेचं मत बुडालं होतं. या लोकसभेला तिचं स्वतःचं नाव लागलं होतं. पण नवऱ्याचं नाव तिने परक्यासमोर कधी घेतलं नव्हतं, आणि मागे सासू उभी होती. मान खाली घालून ती परत फिरली.

सासूने तिचं मनगट धरलं. "कुठं निघालीस? लिहा गुरुजी, रावजी. लेकाचं नाव घ्यायला मला कसली लाज?"

चंद्रभागेचा जीव भांड्यात पडला. बोटाला शाई लागली.

"आता तुम्ही, आजी. नवऱ्याचं नाव?"

म्हातारीने डोक्यावरचा पदर सावरला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "सदाशिव!" आणि सुनेकडे बघून लाजली.