नऊ-तीनचं काडतूस

“एकच हवंय,” हिल्डिंग म्हणाला. “अख्खा डबा नको.”

गुनबोर्ग दुकानाचं काउंटर पुसू लागली. ते स्वच्छच होतं.

“एकसुद्धा नाही रे. नऊ-तीन आता वापरतं कोण? कारखान्याने बंद केलंय.”

“गेल्या वर्षी तर होतं.”

“ते शेवटचं होतं.”

हे धादांत खोटं होतं. मागच्या खोलीत, मासेमारीच्या बुटांच्या ढिगाआड, नऊ-तीनच्या डब्यांची चळत होती. पण खोटं पचण्यासारखं होतं, कारण खऱ्यापासून फार लांब नव्हतं. काडतुसांचेही दिवस असतात. गुनबोर्गच्या वडिलांनी हे दुकान चालवलं तेव्हा अख्खी फळी या ९.३ मिलिमीटरच्या नऊ-तीनची होती. जाडजूड, संथ, पण एल्कसारख्या थोराड हरणाला जागीच बसवणारं काडतूस. मग खांद्याला कमी धक्का देणाऱ्या साडेसहाचे दिवस आले, मग तीनशे-आठचे. आता पोरं फोनवर वाचलेलं कुठलं तरी नवं नाव घेऊन येतात आणि दोन वर्षांत तेही शिळं होतं. नऊ-तीनला धरून राहिलेली खोऱ्यात दोन-चार म्हातारी माणसं होती. आणि एल्ना.

एल्ना जूनमध्ये गेली. हिल्डिंगची बायको. दोघांत मिळून एकच बंदूक. आधी आळीपाळीने वापरायचे. पण तिचा नेम चांगला आणि त्याची कॉफी चांगली, म्हणून शेवटी बंदूक तिच्याकडे गेली आणि किटली त्याच्याकडे. दर शरद ऋतूत दोघं दुकानात यायचे. तो डबा घ्यायचा, इथेच उघडायचा आणि त्यातलं एक काडतूस तिच्या कोटाच्या डाव्या खिशात टाकायचा.

“हे जास्तीचं,” तो म्हणायचा.

“म्हणजे माझा नेम चुकणार, असंच ना?” ती म्हणायची.

दर वर्षी तीच थट्टा. आणि दर वर्षी गुनबोर्ग हसायची.

ती गेल्यावर हिल्डिंगने दाढी करणं सोडलं. घराचे पडदे दिवसाही बंद. ऑगस्टमध्ये त्याने आपली कुत्री रुनेला देऊन टाकली. रुने शिकारीच्या टोळीचा म्होरक्या. तो तडक दुकानात आला.

“म्हणाला, हिला जंगल पाहिजे, माझ्याच्याने होत नाही. गुनबोर्ग, कुत्री देऊन टाकतो माणूस, म्हणजे कळतंय ना तुला?”

तिला कळलं होतं. खोऱ्यात पूर्वी एकाने स्वतःचा जीव घेतला होता. त्याही माणसाने आधी कुत्रं दिलं होतं.

भिंतीवरची एल्नाची बंदूक मागायची कुणाची छाती होईना. म्हणून रुनेने घरातली उरलीसुरली काडतुसं “उसनी दे” म्हणून उचलून आणली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपापले डबे गुपचूप गुनबोर्गकडे पोचवले. शेजारच्या गावातल्या दुकानदारालाही तिने फोन करून ठेवला.

“रुनेकडे असेल एखादं,” हिल्डिंग म्हणाला.

“त्याने सरावात उडवली सगळी.”

“ओल्ले?”

“ओल्लेने साडेसहा घेतली.”

“ओल्लेने?” कित्येक महिन्यांनी तो किंचित हसला. “नव्वदीचा ओल्ले साडेसहा घेतो? मग खरंच संपलं म्हणायचं आपलं नऊ-तीन.”

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर तिने नवी बंदूक गळ्यात मारली असती. याला तिने कॉफी दिली.

“एल्ना म्हणायची, तुझी कॉफी बुटांना लावायला बरी.” तरी त्याने कप संपवला. “शनिवारच्या आत कुठून मिळालं तर बघ. एकच.”

“शनिवारनंतर मागवू का?”

“शनिवारनंतर काही उपयोग नाही.”

शनिवारी एल्नाचा अस्थिकलश पुरायचा होता. हिल्डिंगने तारीख ढकलत ढकलत शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर आणली होती. तो दिवस पार पडला की या माणसाला करायचं असं काहीच उरणार नाही, हे गुनबोर्गच्या मनात आलं आणि तिचा हात फडक्यावरच थांबला.

“बघते,” ती म्हणाली.

दारापर्यंत जाऊन तो परतला. “मेणाचा जाड दोरा आहे? आणि दाभण. थोडं शिवायचंय.”

तिने आनंदाने दिलं, पैसेही घेतले नाहीत. शिवणकाम काढणारा माणूस अजून जगायच्या विचारात आहे, असं तिला वाटलं. तो गेल्यावर ती मागच्या खोलीत बुटांच्या ढिगाशेजारी बसली आणि पोटभर रडली. चाळीस वर्षांच्या मित्राशी खोटं बोलणं सोपं नसतं. पण जिवापेक्षा खोटं मोठं नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

शनिवारी सगळी टोळी चर्चच्या दफनभूमीत जमली. हिरवे कोट, टोप्या हातात. गुनबोर्ग मुद्दाम हिल्डिंगला खेटून उभी राहिली. त्याने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. रुनेने लांबूनच तिच्याकडे पाहून मान हलवली. सोमवारी पहाटे तो हिल्डिंगला शिकारीच्या झोपडीवर नेणार होता, किटली सांभाळायला. रुने आणि गुनबोर्ग, दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो.

हिल्डिंगने पिशवीतून अस्थिकलश काढला. एल्नाचा शिकारीचा कोट कापून त्याने कलशाला चपखल आवरण शिवलं होतं. टाके वेडेवाकडे, मेणाच्या जाड दोऱ्याचे. कोटाचा डावा खिसा मात्र जसाच्या तसा बाहेरच्या बाजूला ठेवला होता.

तो गुडघ्यांवर बसला. खिशाची झडप उघडून त्याने आत स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडाची छोटी डहाळी ठेवली, झडप बंद केली आणि तळहाताने सारखी केली.

“रागावू नकोस, एल्ना,” तो हळूच म्हणाला. “जास्तीचं एक आणायचं होतं. सगळीकडे विचारलं गं. आता कुणी बनवतच नाही म्हणे.”