खुंटीपर्यंतची पावलं

मलाचीने पुन्हा मोजलं. अंगठ्याला टाच भिडवत तो फेकीच्या रेघेपासून खुंटीपर्यंत चालत गेला. पावलं अठराच भरली.

"कोणी हलवली गं ही?" तो थोरल्या बहिणीवर डाफरला. "छत्तीस पावलांवर होती माझी खुंटी! अख्ख्या परगण्यात त्यापुढे कुणाचा दगड गेला नव्हता!"

डीलिया बांधावर बसली होती.

चर्चमधली प्रार्थना संपत आली होती. ती संपली की गाव या कुरणात लोटणार होतं. बालीनार गावाची रीतच तशी. अमेरिकेला गेलेल्याच्या खुंटीशी कुणी बरोबरी करायची नाही. तो परतला की पहिला दगड त्याने फेकायचा, मग इतरांनी. एरवी गेलेला कोण परत येतो म्हणा! हा आला एकोणीस वर्षांनी, तोही बापाच्या मातीला पाच महिने उशिरा.

आल्यापासून उजवा हात मलाचीने कोटाच्या खिशातून काढला नव्हता. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पहिल्याच उन्हाळ्यात खांद्यावर पेटारा कोसळला आणि तो हात कायमचा लुळा पडला. पण पठ्ठ्याने घरी काय लिहावं? पोलिसात लागलो, अमुक मैदान मारलं, तमुक पदक मिळालं! प्रत्यक्षात तो एका गोदामात झाडू मारत होता. डीलियाने त्याचं एकेक पत्र चर्चच्या पायरीवर उभं राहून गावाला वाचून दाखवलं होतं. आता त्याच गावासमोर हात खिशातून काढायचा होता.

"मी निघतो," तो म्हणाला. "बरं नाही म्हणून सांग. काय वाटेल ते सांग."

"हात गेलाय म्हणून सांगू?"

निघालेला मलाची मागे वळला.

"तुझं पहिलं पत्र आलं ना," डीलिया म्हणाली, "बाबांना वाचता कुठे येत होतं! तरी कागद माझ्या हातून काढून घेतला आणि बघत बसले. शाई ओळीओळीत, वरून हात घासल्यासारखी पसरलेली. म्हणाले, 'पोरानं डाव्या हातानं लिहिलंय गं. उजवा गेला त्याचा.' दुसऱ्या दिवशी सेंट ब्रिजिडचा, फेब्रुवारीतला सण होता. इथं आले, खुंटी उपटली आणि एक पाऊल अलीकडे ठोकली. मग दरवर्षी त्याच सणाला, एकेक पाऊल. शेवटी शेवटी तर काठी टेकत यायचे रे."

"आणि गाव?"

"गावाला काय डोळे नाहीत? पण कुणी चकार शब्द काढला नाही."

मलाची तिच्याशेजारी बांधावर बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बाप जिवंत असता तर त्याने पाय धरले असते.

घंटा झाली. माणसं उतारावरून येऊ लागली. सगळ्यांच्या पुढे फेलिम शिंपी.

"काय रे अमेरिकन!" तो लांबूनच ओरडला. "पोट सुटलं की तुझं! चल, एक होऊन जाऊ दे!"

आता पळणार कुठे? मलाची उठला, रेघेवर आला. वासराच्या डोक्याएवढा तो दगड त्याने डाव्या हाताने उचलून खांद्याशी धरला. डाव्या हाताने का, असं कुणीही विचारलं नाही. त्याने जीव खाऊन फेकला.

दगड खुंटीच्या अलीकडे पडला.

फेलिम पुढे झाला. त्याने आपला बूट मधल्या गवतावर ठेवून पाहिला. बरोब्बर मावला.

"एक पाऊल कमी," तो हळूच म्हणाला.

डीलियाने तोंडाला शालीची कड लावली.

"यंदा बाबा सणाच्या आधल्या आठवड्यात गेले," ती म्हणाली.